मिशीवाली बा

स्टिकर घ्यायला आलेला माणूस भाव विचारायच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतो, "निघणार तर नाही ना?" दोन-चार वर्षांनी रिक्षा विकायला काढली की तोच माणूस परत येतो आणि विचारतो, "दादा, हे काढायचं कसं?" दोन्ही वेळा माझं उत्तर एकच : ऊन बघा. कोमट पत्र्यावर लावलं तर घट्ट बसतं, आणि काढायचं असेल तेव्हाही उन्हात तापवूनच सोलावं लागतं.

उधन्यातलं माझं दुकान आता मुलगा बघतो. त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे, अक्षरं कापणारं मशीन आहे. मी दुपारी जाऊन बसतो आणि गिऱ्हाईक काय लिहून मागतंय ते ऐकत राहतो. ही खोड जुनी आहे. माणसाला स्वतःच्या वस्तूवर काय लिहावंसं वाटतं याची मला पहिल्यापासून भारी उत्सुकता. धंद्याची अक्कल नंतर आली, तीही ठेचा खाऊन. त्यातली सगळ्यांत मोठी ठेच एका अक्षराची होती. तिच्याबद्दलच सांगणार आहे, पण आधी धंदा काय असतो ते सांगायला हवं.

मी शिकलो पांडेसऱ्यातल्या साड्या छापणाऱ्या एका मिलमध्ये, स्क्रीन खात्यात. स्क्रीन म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं बारीक जाळीचं कापड. अंधाऱ्या खोलीत त्याला रसायनाचा लेप द्यायचा, वर नक्षीची फिल्म ठेवायची आणि उजेड मारायचा. उजेड लागतो तिथला लेप दगडासारखा होतो, नक्षीखाली झाकलेला लेप पाण्याने धुऊन जातो. जाळी मोकळी झाली तेवढ्याच जागेतून रंग खाली उतरतो. बस, एवढंच शास्त्र. साडीला एकेका नक्षीसाठी सहा-सात स्क्रीन लागतात. स्टिकरला एकदोन पुरतात. खाली साडीऐवजी मागे गोंद असलेला कागद ठेवला की झाला स्टिकर.

हे मला सुचलं ते डब्यांमुळे. आमच्या खात्यात पस्तीस-चाळीस माणसं, बहुतेक खान्देशातली, आणि सगळ्यांचे डबे एकाच भांडेवाल्याकडचे. जेवणाच्या सुट्टीत रोज भांडण. मी एका रद्दी स्क्रीनवर नावं छापली आणि डब्यांना चिकटवून दिली. एकाने तर नावाखाली लिहून घेतलं, 'आज पण वांगीच आहेत.' त्याचा डबा त्यानंतर कोणी उचलला नाही. महिन्याभरात शेजारच्या खात्यातले लोक नावं घेऊन यायला लागले. कोणी सायकलसाठी, कोणी ट्रंकेसाठी. मला काही गप्प बसवेना. सात वर्षांची नोकरी सोडून मी उधन्याच्या तिठ्यावर पत्र्याची एक टपरी घेतली.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. आम्ही तेव्हा उधन्यात दोन खोल्यांत राहायचो : मी, माय आणि बा. बा म्हणजे माझे वडील. आमच्यात वडिलांना 'बा' म्हणतात आणि 'तू' म्हणतात; आदर असतो तो पोटात. बा सांच्यावर होता. सुरतेत पॉवरलूमला सांचा म्हणतात. तीस वर्षं सांच्याच्या खडखडाटात उभा राहून त्याचं बोलणं मुळातच कमी झालं होतं. मिलमधली माझी नोकरी त्यानेच लावलेली. आमच्या खात्याचा मास्तर त्याच्या ओळखीचा; त्याच्या दारात बा चार दिवस जाऊन उभा राहिला होता. ती नोकरी मी सोडली म्हटल्यावर बाने हातातला घास खाली ठेवला आणि एकच वाक्य बोलला.

"कागद चिटकाडीसन पोट भरस का रे?"

म्हणजे कागद चिकटवून पोट भरतं का. त्यानंतर आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही. एकाच खोलीत, एकाच ताटलीतून कांदा उचलत आम्ही जेवायचो आणि निरोप मायमार्फत जायचे. "त्याले सांग, घासलेट संपनं." मी समोरच बसलेला असायचो.

पण तो गप्प बसला तरी स्वस्थ बसला नव्हता. परस्पर मास्तरकडे जाऊन त्याने माझी जागा राखून ठेवायला लावली. मुदत होती आखाजीपर्यंत. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खान्देशी माणसांची दिवाळीपेक्षा मोठी. अर्धं उधना त्या दिवसांत गावी जातं, मिलमध्ये माणसं तुटतात, आणि सण झाला की मास्तर नव्याने भरती करतो. मायने मला स्पष्ट सांगितलं, "आखाजीलोंग दुकाननं काय ते दखाड. नही तं दुसरा दिन डबा भरी दिसू, मिलमा जाय." नाही तर दुसऱ्या दिवशी डबा भरून देईन. ती मुदत होळीपासून माझ्या छातीवर बसली होती. दुकान चालत होतं, पण कण्हत कण्हत. मिलच्या डबेवाल्यांवर आणि दोन-चार रिक्षावाल्यांवर दुकान उभं राहत नाही. एखादं मोठं काम हवं होतं, ज्याचं नाव चार गल्ल्यांत जाईल.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार येत. एका रिक्षावाल्याने मागच्या काचेवर लिहून घेतलं, 'हॉर्न मत मार, मुझे भी घर ही जाना है.' एका टेम्पोवाल्याला दाराला पडलेला खड्डा झाकायचा होता. तो म्हणाला, खड्ड्याच्या मापाचा कुठलाही देव चालेल. मी माप घेतलं. खड्डा लांबट होता, म्हणून मारुती उडता दिला.

आणि एक रतिलाल. कतारगामच्या एका हिऱ्याच्या कारखान्यात तो हिरे घासायचा. ज्या फिरत्या चाकावर हिरा घासतात त्याला तिथे घंटी म्हणतात. त्याला आपल्या घंटीवर मुलीचं नाव हवं होतं. "सब से छोटा कितना छाप सकते हो?" त्याने विचारलं. मी मुंगीएवढी अक्षरं छापून दाखवली. त्याने नाकाशी धरून वाचली आणि म्हणाला, और छोटा. तीनदा लहान केली तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. मला राहवेना. एवढं बारीक नाव कोण वाचणार, असं विचारलं तर म्हणाला, "मैं. रोज सुबह. जिस दिन नहीं पढ़ा गया, उस दिन घंटी छोड़ दूँगा." कमजोर डोळ्यांनी दुसऱ्याचा महाग हिरा बिघडवण्यापेक्षा आपणच उठलेलं बरं, असा त्याचा हिशेब.

पुढे चारेक वर्षांनी तो परत आला आणि खाली बघत म्हणाला, एक नंबर मोठा छापून दे. मी छापून दिला. तो द्यायला नको होता का, याचा मी अजूनही अधूनमधून विचार करतो.

तर या रतिलालनेच मला त्याच्या शेठकडे नेलं. शेठचं नाव नानजीभाई. काठियावाडातून रिकाम्या हाताने आलेला, स्वतः घंटीवर बसून वर चढलेला माणूस. होळीनंतर त्यांच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन होतं. गावाकडून सगळा गोतावळा यायचा होता. प्रत्येक घंटीला, प्रत्येक पाहुण्याच्या गाडीला आणि आत शिरतानाच्या काचेच्या दाराला लावायला त्यांना स्टिकर हवा होता. पाचशे लहान, एक मोठा. वर चित्र आणि खाली गुजरातीत अक्षरं : 'बाना आशीर्वाद'.

हे दोन शब्द ऐकले आणि मला ते आपल्या घरचेच वाटले. आमच्या अहिराणीतही 'बाना आशीर्वाद' असंच म्हणतात. रामनं घर, मायनी भाकर, बाना आशीर्वाद. गुजराती आणि अहिराणी एवढ्या शेजारच्या आहेत की एकीतून दुसरीत कधी शिरलो ते कळत नाही. बाचे आशीर्वाद. मला अगदी भरून आलं. माझ्या बाचे आशीर्वाद त्या वेळी कुठल्याच भाषेत मिळत नव्हते.

मी विचारलं, "फोटो?"

"फोटो नथी," नानजीभाई म्हणाले. "गामडामां कोण फोटो पाडे? तुं तारी रीते दोर." खेड्यात कोण फोटो काढतं, तुझ्या पद्धतीने काढ, म्हणाले. मग खुर्चीत मागे रेलून सांगू लागले. मारा बा बहु कडक हता. हळ हाँकता. कुवे कोस चलावता, म्हणजे विहिरीवर मोट चालवायचे. एकला हाथे अमने मोटा कर्या. पुढे म्हणाले : बापुजी तर मी लहान असतानाच गेले. आता आमच्या भाऊबंदकीत 'बापुजी' म्हणत थोरल्या आजोबांना. म्हणजे आजोबा लवकर गेले आणि बाने एकट्याने नांगर हाकून घर चालवलं. सगळं जुळत होतं.

इथे वाचकाला शंका येईल की सुरतेत सात वर्षं काढून या गड्याला गुजरातीतली 'बा' कोण, एवढंही कळू नये? कबूल आहे. पण मिलमध्ये आम्ही आपसात अहिराणी बोलायचो आणि इतरांशी हिंदी. गुजराती कानावर पडायची ती बाजारात. भाजीवाल्या म्हातारीला लोक 'बा' म्हणताना मी ऐकलं होतं. ते 'बाई'चं लाडकं रूप असावं असं मी परस्पर ठरवून टाकलेलं. आणि व्याकरणानेही दगा दिला. गुजरातीत वडीलधाऱ्या बाईचा आदर करायचा तर तिच्याबद्दल अनेकवचनात बोलतात. बा आव्या, बा कडक हता. आपल्या कानाला ते चक्क पुल्लिंगी लागतं.

मी फक्त एक प्रश्न शहाणपणाचा विचारला. "माथे शुं पहेरता?" डोक्यावर काय असायचं? तेवढ्यात टेलिफोन वाजला. रिसीव्हर उचलता उचलता नानजीभाई म्हणाले, "काठियावाडमां पहेरे एवुं ज." तिकडे घालतात तेच.

मी खाली उतरलो आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या दोन काठियावाडी म्हाताऱ्यांच्या पागड्या तासभर निरखल्या.

पागडी मिळाली, पण चेहरा कुठून आणायचा? कडक, नांगर हाकलेला, एकट्याने घर ओढलेला. असा चेहरा माझ्या घरातच होता. बाची त्या आठवड्यात रातपाळी होती आणि तो दुपारी झोपायचा. मी दुकान बंद करून घरी गेलो, त्याच्या उशाशी बसलो आणि पेन्सिल काढली. आठ महिन्यांत मी त्याच्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. जागा असला की तो नजर वळवायचा. गालफडं वर आलेली, कपाळावर तीन आठ्या झोपेतसुद्धा, आणि भरघोस मिशी. त्या मिशीचा बाला फार अभिमान. तिला तो खोबरेल लावायचा, आणि ते खोबरेल माय दडवून ठेवायची. माय दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कडी वाजून तो जागा होऊ नये म्हणून एक हात दाराच्या कडीवर ठेवून बसली. डोळे तेवढे मी मनाने उघडे काढले.

चित्र फर्मास जमलं. पागडी, आठ्या, मिशी. पाचशे आणि एक छापून, वाळवून, कापून मी उद्घाटनाच्या दोन दिवस आधी कतारगामला पोचलो. कारखान्यात पाहुणे जमू लागले होते. नानजीभाईंची म्हातारी आत्या, जिला सगळे फई म्हणत, कोपऱ्यात खुर्चीवर बसून तपकीर ओढत होती. रतिलाल आणि दहा-बारा कारागीर भोवती उभे राहिले. मी ऐटीत पुडकं सोडलं.

नानजीभाईंनी एक स्टिकर उचलला. लांब धरला, जवळ धरला.

"आ कोण छे?"

"बा," मी म्हणालो.

"कोना बा?"

"तमारा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. नानजीभाईंचा चेहरा लाल होत होता. "मारा बाने मूछ हती?"

मी अगदी प्रामाणिकपणे म्हणालो, "हशे ने. गामडाना बधा बाने होय." असेलच की, खेड्यातल्या सगळ्या बांना असते.

त्यावर जो हशा उसळला त्यात रतिलाल माझ्या कानाशी वाकला. "अरे भाई, बा मतलब माँ."

नांगर हाकणारी, मोट चालवणारी, एकटीने मुलं वाढवणारी ती नानजीभाईंची आई होती. तिचा एकही फोटो नव्हता. आणि तिच्या नावावर मी पाचशे एक मिशा लावून आणल्या होत्या.

नानजीभाई हसत नव्हते. "मारी माने मूछ लगाडी! मारा घरे, मारा सगानी सामे!" ते सगळं उचलून घेऊन जा आणि कतारगाममध्ये पुन्हा दिसू नकोस, असं त्यांनी सांगितलं. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या मायच्या नावावर कोणी असं काही केलं असतं तर मी हात उचलला असता. मी खाली बसून स्टिकर गोळा करायला लागलो आणि मनातल्या मनात मिलचा डबा भरला.

"लाव, मने देखाड," कोपऱ्यातून फई म्हणाल्या. आण, दाखव मला. मी एक स्टिकर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांशी नेला आणि हसायला लागल्या. हसता हसता तपकीर नाकात गेली, शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. मग पुतण्याकडे वळून म्हणाल्या, "नानजी, तारी बाने मूछ नहोती. पण मूछवाळाय एमनाथी बीता!" मिशीवालेसुद्धा तिला टरकून असत.

आता नानजीभाईंच्याही ओठाचा कोपरा हलला. फईंनी स्टिकर माझ्याकडे परत दिला. "मूछ काढी नाख, ने माथे ओढाड. बाकी डोसो सारो छे." मिशी काढ, डोक्यावर पदर दे, बाकी म्हातारा चांगला आहे.

"बा आवा हता?" मी घाबरत विचारलं. अशा होत्या का त्या?

फई म्हणाल्या, "ना रे. पण कडक तो छे. चालशे." आणि नानजीभाईंना म्हणाल्या, "छोकराने काल सांज सुधी आप." उद्या संध्याकाळपर्यंत वेळ दे पोराला.

आमच्या धंद्यात एक अडचण आहे. तयार स्क्रीनवरची रेघ पुसणं सोपं असतं. ब्रशने लाख लावून जाळी बुजवली की तिथून रंग उतरत नाही. पण नवी रेघ हवी असेल तर दुसरी स्क्रीन करावी लागते. मी पागडी बुजवली. मिशी बुजवली. दुसऱ्या स्क्रीनवर डोक्यावरून खांद्यापर्यंत आलेला पदर काढला, लालसर रंगाचा. तेव्हा लक्षात आलं की मिशी गेली, पण तिच्याखाली ओठच नाही. नाक आणि खालचा ओठ यांच्यामध्ये कोरी जागा. बाचा वरचा ओठ मी जन्मात पाहिलेला नव्हता. मला तो कसा असेल ते काढता येईना. शेवटी टपरीत टांगलेल्या आरशात बघून मी माझाच ओठ काढला, आणि पदराच्याच लाल रंगात एक बारीक रेघ म्हणून छापला.

नानजीभाईंनी दुसऱ्या संध्याकाळी बराच वेळ तो स्टिकर पाहिला. "बा नथी," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण कोईकना बा छे." कोणाच्या तरी आहेत. मग स्वतःच्या हाताने त्यांनी मोठा स्टिकर दाराच्या काचेवर लावला. एका कोपऱ्यात हवेचा फुगा राहिला होता. मी पुढे होणार तोच त्यांनी तो अंगठ्याने हळूहळू कडेपर्यंत सरकवत बाहेर काढला.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांत रिक्षावाले होते, टेम्पोवाले होते. त्यांच्या गाड्यांवर तो स्टिकर सुरतभर हिंडला. पंधरा दिवसांत लोक टपरी शोधत आले. पदरवाळा बा आपो. कुणाला आपल्या आईसारखा वाटायचा, कुणाला आजीसारखा. ज्यांच्या आईचा फोटो नव्हता तेच जास्त यायचे, आणि असे लोक त्या शहरात किती आहेत हे मला तेव्हा कळलं. माझ्या बाच्या चेहऱ्याला रिक्षावाले सकाळी उदबत्ती ओवाळत होते आणि बा त्याच रस्त्याने सायकलवरून सांच्यावर जात होता. मायला मी सगळं सांगितलं होतं. ती हसून हसून भिंतीला टेकली आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "त्याले कळनं तं तुना जीव ली टाकी." त्याला कळलं तर जीव घेईल तुझा. मिशी काढून बाईचा पदर दिलेला खान्देशी बाप. मलाही झोप लागत नव्हती.

आखाजीला चार दिवस होते. दुपारी मी कागद कापत होतो आणि टपरीच्या दारात उजेड अडला. बा उभा होता. दुकान घेतल्यापासून पहिल्यांदा. सायकल त्याने स्टँडवर न लावता तशीच पत्र्याला टेकवली होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. समोरच्या फळीवर 'बाना आशीर्वाद'ची चवड होती, तिच्याकडे बघत होता. त्याने वरचा एक उचलला. मी कटर खाली ठेवला आणि जे व्हायचं ते होऊ दे म्हणून उभा राहिलो.

"हाई तुले कोठे भेटनी?" त्याने विचारलं.

ही तुला कुठे भेटली. मला प्रश्नच कळला नाही. "कोन?"

"मनी माय."

बा सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली होती. तिच्याबद्दल घरात कधी कोणी बोललं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. जगभराच्या चौकशा करणारा मी, याची मला आज लाज वाटते. मी त्याला खरं ते सांगितलं. तू झोपलेला असताना काढलं, मिशी बुजवली, ओठ माझा घातला. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. त्याने आरशाकडे पाहिलं, मग पुढे होऊन तळहाताने स्वतःची मिशी झाकली आणि तसाच उभा राहिला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी त्याला बसायला स्टूल पुढे केलं, पण तो बसला नाही. एक स्टिकर खिशात घालून, सायकल घेऊन निघून गेला.

घरी परत तेच. "त्याले सांग, पानी उनं." नळाला पाणी आलं, हेसुद्धा मायमार्फत. आखाजी आली. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी लाल घागर, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेकाचं नाव घ्यायचं. बाने आपल्या बापाचं नाव घेतलं, चुलत्याचं घेतलं. मग सदऱ्याच्या खिशातून स्टिकर काढला. मागचा मेणकागद त्याने सोललेला नव्हता. तो त्याने घागरीला टेकवून उभा केला, कुंकवाचं बोट ओढलं आणि नाव घेतलं, "मथुराबाई." आजीचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो.

जेवणं झाली. मायने उद्याच्या डब्याचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. मी हात धुऊन येत होतो आणि बा सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तरले सांगी उनू मी. जागा दुसराले दी टाक म्हनं."

मास्तरला सांगून आला होता, जागा दुसऱ्याला देऊन टाक म्हणून. मी आपला ओले हात पुसत राहिलो.

"आनि आयक," तो म्हणाला. "तिना नाकमा फुली व्हती. उजवा आंगे. तेवढी काढ." आजीच्या नाकात उजव्या बाजूला चमकी होती, ती चित्रात हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी दुकान उघडायला गेलो, तर बा आधीच पायरीवर बसलेला होता. रातपाळीवरून थेट आला होता, मिशीत कापसाचे तंतू अडकलेले. मला बघून तो घाईघाईने उठला.

"उजवी नही," तो म्हणाला. "रातभर याद करं. डावी व्हती."